तांडेलाची काच

तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक अशी, की त्याच्याशी वादात पडण्यात अर्थ नाही. आणि दुसरी अशी, की घरातील एखादी वस्तू बिघडली असता ती त्याच्या दृष्टीसही पडू देऊ नये. पहिली समजूत निव्वळ अतिशयोक्तीची आहे, याची साक्ष आमच्या घरातील कोणीही देईल. दुसरीविषयी मात्र आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. कारण बिघाड शोधणे हे जे कृत्य आहे ते तर्कशास्त्राचेच कृत्य आहे, आणि ते करणारा माणूस, त्याने कॉलेजाचे तोंड पाहिले असो वा नसो, आमचा व्यवसायबंधू आहे, असे आमचे मत अलीकडे बनले आहे. हे मत ज्या वस्तूमुळे बनले ती काही फारशी भव्य नाही. मासेमारीच्या बोटीवर, केबिनीच्या पुढच्या काचेवरील पाणी पुसणारा जो वायपर असतो, त्याची नारळाएवढी मोटर, एवढेच तिचे स्वरूप.

धाटाव हे गाव रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंडलिका नदीच्या काठी आहे. ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत आणि आता रायगड म्हणतात, त्यातील जुन्या मंडळींस रोहे म्हटले की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आठवतात. नव्या मंडळींस धाटावची औद्योगिक वसाहत आणि तिच्यातील रसायनांचा वास आठवतो. कुंडलिकेची एक गंमत अशी, की इतर कोकणी नद्या चैत्र-वैशाखात दगडगोटे उघडे टाकून बसतात तेव्हाही ही वाहत असते. भिरा येथील टाटांच्या वीजघरातून, जे १९२७ सालापासून चालू आहे, बाहेर पडणारे पाणी हिच्यात येते. ते कोलाडवरून धाटावापाशी येते, रोहे आणि अष्टमी यांच्यामधून पुढे जाते, तेथे त्यास समुद्राची भरती भेटते, आणि अखेर एका अंगास रेवदंडा व दुसऱ्या अंगास कोर्लईचा किल्ला ठेवून ते अरबी समुद्रास मिळते. नदीच्या वरच्या बाजूस कारखाने आणि खालच्या बाजूस कोळीवाडे, अशी ही मांडणी असल्यामुळे उभयतांचे नाते कसे असेल हे वाचकांनीच ताडावे. सांडपाण्याने खाडीतील मासळी गेली ही कोळ्यांची तक्रार फार वर्षांची आहे. तेव्हा एखादा तांडेल आपण होऊन धाटावास येतो, तो काही प्रेमाने येत नाही. गरज त्यास आणते.

आमचे मेव्हणे या वसाहतीत नोकरीस असल्यामुळे गणपतीच्या सुटीत आमचा मुक्काम तेथे असतो. त्यांच्या घरापासून चार पावलांवर एका मिस्त्रीचे दुकान आहे. कारखान्यांतील पंपांच्या जळलेल्या मोटरी उघडून त्यांचे वाइंडिंग पुन्हा करून देणे हा त्याचा धंदा. दुकानात तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशाचा दर्प आणि एक लाकडी बाक, एवढ्या तीन गोष्टी मुख्य. पैकी बाकावर आमचा सकाळचा हक्क. तेथे आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो असता एक तांडेल प्लास्टिकच्या पिशवीतून वर सांगितलेली मोटर घेऊन आला. वय आमच्याच आसपास. परंतु उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर जे लिहिले होते ते आमच्या चेहऱ्यावर लिहावयास विद्यापीठास आणखी वीस वर्षे तरी लागतील.

"मिस्त्री, ही तिसरी खेप," तो म्हणाला. "तुमच्या टेबलावर नाचते, न् बोटीवर गेली का निजते."

मिस्त्रीने काही न बोलता दोन तारा जोडल्या. मोटर खरोखरच नाचू लागली. तेव्हा तांडेल तिच्याकडे ज्या नजरेने पाहू लागला, तिच्यात राग थोडा आणि अपमान पुष्कळ होता.

वायपर चालला नाही तर इतके काय बिघडते, असे कोणास वाटेल. आम्हांसही तो प्रश्न मनात आला होता. तांडेलाने तो विचारण्याची वेळ येऊ दिली नाही. पावसाळ्याच्या आरंभीचे दोन महिने, जून आणि जुलै, यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेस नारळ वाहून बोटी निघतात. परंतु समुद्रास नारळ दिला म्हणून पाऊस काही रजा घेत नाही. काचेवर वरून पाऊस आणि पुढून लाटेचे तुषार. पावसाचे पाणी निदान ओघळून जाते. तुषारांतील मीठ वाळून काचेवर बसते व काच दुधासारखी पांढरी होते. मग तांडेल काय करतो? तर आपल्या भाच्यास केबिनीच्या बाहेर, पुढच्या फळीवर उभा करतो. तो पोरगा एका हाताने दांडी धरतो आणि दुसऱ्या हाताने फडके फिरवितो. बोट लाटेवर चढते, उतरते, आणि पोरगा फडके फिरवीत असतो.

"त्याच्या आईला ठावं नाय," तांडेल म्हणाला.

आम्ही वर्तमानपत्र मिटून ठेवले.

हल्ली बोटीवर उपग्रहावरून जागा दाखविणारे यंत्र असते, हे खरे. परंतु ते यंत्र आपण कोठे आहोत हे सांगते. शेजारची बोट, पाण्यात सुटलेले जाळे, किंवा रेवदंड्याच्या मुखाशी वाळूवर फुटणारी लाट ते सांगत नाही. त्यांस डोळाच पाहिजे, आणि डोळ्यापुढे स्वच्छ काच पाहिजे. शिवाय या जिल्ह्यात पावसाळी समुद्राची थट्टा कोणी करीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या अपघाताचा काचेशी काही संबंध नव्हता. पण ज्या किनाऱ्यावर घरोघरी ती गोष्ट सांगितली जाते, तेथील बाईस तिचा मुलगा पावसात केबिनीबाहेर उभा असतो हे कळल्यावर काय वाटेल, याचा अंदाज तांडेलास होता. म्हणूनच त्याने ते तिला कळू दिले नव्हते.

येथे वायपराच्या कुळाविषयी दोन शब्द सांगितले तर विषयांतर होणार नाही. या वस्तूचे १९०३ सालचे एक प्रसिद्ध पेटंट अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंचे आहे. त्यांच्या वायपरास मोटर नव्हती. चालकाने आतून एक दांडा हलवावयाचा आणि बाहेर रबराची पट्टी फिरावयाची, अशी योजना होती. या शोधातून त्यांस एक पैसाही मिळाला नाही. मोठ्या जहाजांवर तर निराळीच युक्ती आहे. काचेत एक वाटोळी तबकडी बसविलेली असते आणि ती मिनिटास हजारावर फेरे घेते. तिच्यावर पडलेले पाणी पुसावेच लागत नाही, गतीनेच ते कडेस फेकले जाते. ओली छत्री गरगर फिरविणाऱ्या मुलास हे तत्त्व ठाऊक असते व त्याबद्दल त्यास मारही बसतो. परंतु ही तबकडी श्रीमंतांची. आमच्या तांडेलाच्या बोटीवर होती ती मालट्रकच्या वायपराची मोटर. आणि पुढील सर्व रामायण, जसे लवकरच दिसेल, या 'ट्रक' शब्दातच होते.

पहिल्या दोन खेपांस तांडेलाने मोटर भाच्याच्या हाती पाठविली होती. मोटर टेबलावर आली, झिजलेले कार्बन बदलले, ती फिरली, परत गेली. आता रोगी आणि त्याची हकीकत सांगणारा अशी दोन्ही समोर असल्यामुळे मिस्त्रीने मोटर बाजूस ठेवली आणि तांडेलास विचारावयास आरंभ केला. फ्यूज उडतो काय? नाही, कधीच नाही. काच ओली असताना चालतो की कोरडी असताना? ओली असली तर चार-दोन हेलकावे खातो, मग मध्येच थांबतो. इंजिन चालू असता फरक पडतो काय? किंचित बरा चालतो. दुसरी मोटर लावून पाहिली? होय, बंदरावरील एका दुकानदाराने कोरी करकरीत मोटर गळ्यात मारली होती, तीही आठ दिवसांत निजली, आणि आता ती घरी कोनाड्यात पडून आहे.

हे शेवटचे उत्तर ऐकताच मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, एका घरातले दोन पेशंट. दोघांना एकच दुखणं. आता औषध पेशंटला द्यायचं की घराला?"

वाचकहो, मिल्लसाहेबांनी १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारणे शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, आणि आपल्या नैयायिकांनी ज्यांस अन्वय, व्यतिरेक, परिशेष अशी नावे फार पूर्वीच देऊन ठेविली होती, त्या आम्ही पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहो. उदाहरणे ठरलेली: पर्वतावरील धूर, किंवा मेजवानीत एकच पदार्थ खाऊन आजारी पडलेले पाहुणे. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, यात मुलांचा दोष नाही. कारण त्या पाहुण्यांपैकी कोणी बरा झाला की मेला, याची कोणासच पर्वा नसते. येथे मात्र दोन निरनिराळ्या मोटरी, दोहोंस समान अशी एकच गोष्ट, ती म्हणजे बोट. हा अन्वय झाला. तीच मोटर टेबलावर चालते व बोटीवर चालत नाही. हा व्यतिरेक झाला. दोन्ही बोटे एकाच दिशेस दाखवीत होती, आणि त्या बोटांवर एका पोराचा जीव लोंबकळत होता.

"मोटर आजारी नाही," मिस्त्री म्हणाला, "ती उपाशी आहे."

त्याने मोटर उघडून दाखविली. आतील वार्निश करपल्याचा वास येत होता. कार्बन झिजले होते. तांब्याचा भाग काळवंडला होता. वरवर पाहणारा म्हणेल, हेच दुखणे. मिस्त्रीच्या मते हा दुखण्याचा परिणाम. मोटरीस पुरती वीज न मिळाली आणि काचेवर मिठाचा थर असला, तर ती पट्टी ओढू शकत नाही. अडून उभी राहते. आणि अडलेली मोटर फिरत्या मोटरीपेक्षा अधिक तापते. तापली म्हणून बिघडली. पण तापली का? फ्यूज शाबूत होता म्हणून सर्वांनी तारांस निर्दोष ठरविले होते. वस्तुतः फ्यूज उडतो तो वीज प्रमाणाबाहेर वाहिली तर; ती वाटेत अडली तर फ्यूजला त्याचे काय?

हे सारे मिस्त्रीस सुचले याचे कारण धाटावच होय, असे आम्हांस वाटते. कारखान्यांतील आम्लाच्या वाफांनी तारेचे सांधे बाहेरून साबूत व आतून पोकळ झालेले त्याने जन्मभर पाहिले आहेत. खारा वारा हा त्या वाफांचाच चुलतभाऊ.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांच्या गाडीतून आम्ही तिघे रेवदंड्यास गेलो. मिस्त्रीच्या पिशवीत एक मीटर, ट्रकच्या दिव्याचा एक बल्ब आणि जाड तारेचे एक भेंडोळे होते. बोट लाकडी, केबिन तीन माणसांची, पण आम्ही पाच जण तीत शिरलो, कारण भाचाही आला होता. सतरा-अठरा वर्षांचा, हसतमुख. आपल्यासाठी एवढी माणसे गोळा झाली आहेत याची त्यास कल्पनाही नव्हती.

मिस्त्रीने प्रथम मोटरीच्या तारा सोडवून मीटर लावला. काटा २४ वर. तांडेलाने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मागे कोणा कारागिराने हेच दाखवून 'लाइन बरोबर आहे' असा निर्वाळा दिला होता. मग मिस्त्रीने त्या दोन तारांस बल्ब लावला. जो बल्ब रात्री रस्ता उजळतो, तो निखाऱ्यासारखा लाल होऊन राहिला.

ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर नळ आहे, त्यांस हे समजावयास ओमचा नियम नको. नळ बंद असता गंजून अर्धा बुजलेल्या नळीतही पाण्याचा दाब पुरता असतो. तोटी सोडली की धार करंगळीएवढी. काम न सांगता माणसाची परीक्षा घेतली तर सर्वच कर्तबगार ठरतात, तारेचेही तसेच. वाहणाऱ्या विजेचा व अडथळ्याचा हिशेब १८२७ साली ज्याने प्रसिद्ध केला तो ओम हाही एक शिक्षकच होता, आणि त्याच्या हयातीत पुष्कळ काळ त्याच्या हिशेबाकडे कोणी लक्ष दिले नाही, ही गोष्ट आम्ही व्यवसायबंधुत्वाच्या नात्याने येथे नमूद करून ठेवतो.

आता परिशेष. मोटर पुन्हा जोडून, खटका दाबून, ती अडखळत असतानाच मिस्त्रीने जागोजाग मीटर लावला. बॅटरीच्या दोन टोकांत २४. मोटरीच्या वाट्यास प्रत्यक्ष ११. बॅटरीपासून खटक्यावरून मोटरीपर्यंत जाणाऱ्या तारेत अर्धा गेलेला, तो क्षम्य. उरले साडेबारा. ते कोठे गेले? मिस्त्रीने मीटरचे एक टोक मोटरीच्या अंगास व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकास लावले. जेथे शून्याच्या आसपास असावयास हवे तेथे साडेबारा. जाणारी वाट मोकळी होती. परतीची वाट बुजली होती. खात्रीसाठी त्याने भेंडोळ्यातील तार मोटरीच्या अंगापासून थेट बॅटरीस लावली. कोरड्या काचेवरून पट्टी अशी करकरत धावली, की भाच्याने दचकून डोके मागे घेतले.

ट्रक लोखंडाचा असतो. त्याच्या मोटरीस परतीची तार निराळी लागत नाही. सारे धूडच तारेचे काम करते, आणि मोटर स्क्रूने आवळली की काम झाले. लाकडी बोटीस असे अंग नाही. ज्याने ही मोटर बसविली तो रस्त्यावरचा कारागीर असावा. त्याने मोटर एका लोखंडी पट्टीस आवळली, पट्टीपासून फळीखालून इंजिनाकडे एक तार सोडली, आणि मध्ये तार कमी पडली तेथे दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. ती गुंडाळी बाहेरून इतकी सुबक होती, की तिच्यावर संशय घेणे असभ्यपणाचे वाटावे. मिस्त्रीने ती कापली. आत तांबे नव्हतेच म्हटले तरी चालेल. हिरवे पीठ होते.

तो हिरवा रंग आमच्या वाचकांपैकी गृहिणींस परिचित आहे. पितळेच्या भांड्यात ताक राहिले तर ते कळकते, व म्हणूनच भांड्यास आतून कल्हई लावावी लागते. खाऱ्या पाण्यासही तांबे असेच मानवत नाही. त्यात तार अनेक धाग्यांची. समईच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी त्या धाग्यांच्या फटींतून वर चढते, आणि वेष्टन कोरे दिसत असता आतील तांबे हातभर काळे पडलेले असते. मिस्त्री वीत-वीत कापीत गेला. प्रत्येक वेळी काळेच. अखेर त्याने ती सबंध तार उपटून टाकली आणि पिशवीतील भेंडोळे पुढे ओढले. त्या तारेचे धागे तांबूस नसून चांदीसारखे पांढरे होते. "ही कल्हईची तार," तो म्हणाला. एकेक धाग्यास कथिलाचा मुलामा दिलेली ही तार जहाजांवर वापरतात. कल्हईवाला रस्त्यावरून नाहीसा होत चालला याची हळहळ आम्ही नेहमी ऐकतो. त्याचा हा वंशज बोटीच्या फळीखाली सुखरूप आहे हे पाहून आम्हांस बरे वाटले.

पुढचे काम पाहण्यात विशेष नव्हते. मध्ये एकही सांधा न देता मोटरीपासून बॅटरीपर्यंत अखंड तार, दोन्ही टोकांस दाबून बसविलेल्या टोप्या, त्यांवर आतून डिंक असलेली नळी तापवून घट्ट केलेली, खिळ्यांवर ग्रीस. मोटर उलटी बसविली गेली होती व तिच्या पोटातील पाणी निथळण्याचे भोक आकाशाकडे तोंड करून पाणी पीत होते, तेही त्याने सुलटे करून खाली वळविले. कोनाड्यातील कोरी मोटर उघडून, पुसून, जवळ ठेवावी, असे त्याने सांगितले. तिच्यात दोष काहीच नव्हता. ज्या दुकानदारास तांडेल महिनाभर शिव्या देत होता, त्याची अब्रू अशा रीतीने त्याच्या पश्चात निम्मी परत मिळाली. निम्मीच, कारण नको असलेली वस्तू विकल्याचे पाप उरतेच.

भाच्याने काचेवर बादलीभर खाडीचे पाणी ओतले. पट्टी आली आणि गेली, आली आणि गेली. काचेतून पलीकडे कोर्लईचा डोंगर दिसला, पुसला, पुन्हा दिसला. तांडेलाने खटका बंद केला, तेव्हा पट्टी काचेच्या बरोबर मध्यावर उभी राहिली.

"ही कडेला जाऊन थांबायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "आत एक चकती असते, ती घासली आहे. पट्टी कडेला पोचेपर्यंत वीज चालू ठेवायचं काम तिचं. काढून आणा, बदलून देईन."

तांडेलाने पुन्हा खटका दाबला, पट्टी उजव्या कडेस पोहोचताच नेमका सोडला, आणि ती तेथे थांबली. त्याने दोनदा तसे करून पाहिले. दोन्ही वेळा साधले. मग चकती राहू द्या म्हणाला; उद्या पहाटेच्या ओहोटीवर बोट काढावयाची होती. भाच्याने फडके दांडीवरून काढून पिळले आणि त्याने इंजिनावरचे तेल पुसावयास घेतले.